सागर गुणिले आई

वाचनालयाच्या हॉलमध्ये त्या रविवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. वीज नेहमीप्रमाणे गेली होती. भिंतींवर कंदील टांगले होते आणि ओल्या कोटांना मासळीचा आणि लसणाचा वास येत होता. सत्त्याण्णव सालचा फेब्रुवारी होता. काळ्या समुद्राच्या काठी वसलेल्या सिवी नोस गावात त्या हिवाळ्यात पावासाठी पहाटेपासून रांग लागायची, तेलाच्या बाटलीवरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत जुंपायची, आणि तरीही गावातली सगळ्यात लांब रांग असायची ती बंधू सेराफिम यांच्यापुढे. पाव कधी मिळायचा, कधी नाही. बंधू सेराफिमकडे मात्र प्रत्येकाला काही ना काही मिळायचंच.

रंगमंचावर एक टेबल, त्यावर पांढरंशुभ्र कापड, मेरीमातेची तसबीर, आणि तसबिरीपुढे खिशात मावेल एवढा कॅल्क्युलेटर. टेबलामागे स्वतः बंधू. काळा लांब कोट, विंचरलेली दाढी, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस काल रात्रीपर्यंत थेट देवाच्या स्वयंपाकघरात बसून होता.

"या आई, घाबरू नका. मुलाचं नाव सांगू नका, नाव देवाला ठाऊक आहे. मला फक्त जन्मसाल सांगा."

रंगमंचावर उभी असलेली बाई होती वेलिच्का. शोकाचा काळा रुमाल तिने बांधला नव्हता, करडा बांधला होता. नोव्हेंबरातल्या वादळात 'चायका' नावाची मासेमारीची बोट बुडाली, त्यात तिचा एकुलता एक मुलगा मिलेन होता. बोटीची दोन फळकुटं किनाऱ्याला लागली. माणसं लागली नाहीत.

"एकोणीसशे अडुसष्ट," वेलिच्का म्हणाली.

बंधूंनी तिचंच बोट धरून बटणं दाबायला लावली. "आता याला सागराच्या आकड्याने गुणा. सागराचा आकडा एकशे सदतीस. आलं? काय आलं?"

"दोन लाख... एकोणसत्तर हजार सहाशे सोळा."

"दिसतोय कुठे तुमचा मुलगा यात? नाही दिसत. सागराने गिळला. ओळखच पुसून टाकली." हॉलमध्ये कोणीतरी हुंदका दिला. बंधू तेवढ्यासाठी थांबले. "पण सागरापेक्षा मोठी कोण? आई. आईचा आकडा त्र्याहत्तर. गुणा आता. जे सागराने नेलं ते आईने ओढून आणायचं."

वेलिच्काने गुणलं. पहिल्यांदा बटण चुकलं, त्यामुळे दोनदा गुणावं लागलं. मग तिने कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर पाहिलं. बंधूंनी कॅल्क्युलेटर कंदिलापुढे धरून सगळ्यांना वाचून दाखवला. १९६८१९६८.

"येताना विजेच्या खांबांवरची शोकपत्रकं पाहिलीत ना?" बंधू हलक्या आवाजात म्हणाले. "घराघराच्या दारांवरची? फोटोखाली दोन सालं असतात. पहिलं आई देते, दुसरं मृत्यू. आता या आईचं पाहा. इकडे आईचं साल, तिकडेही आईचंच साल. पडदा काठोकाठ भरला. मृत्यूला आपलं साल लिहायला जागा कुठे उरली?"

हॉल रडायला लागला. आपल्या गावात कोणी मेलं की दारावर शोकपत्रक लागतं, चाळिसाव्या दिवशी नवं लागतं, सहा महिन्यांनी आणखी एक, वर्षाने आणखी. आपण ती जोडसालं वाचतच मोठे झालो. त्यामुळे दुसऱ्या जागेवर जन्मसालच उभं असलेलं पाहून चांगल्या चांगल्यांच्या अंगावर काटा आला, त्यात नवल नव्हतं.

शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून डोब्रा उभी होती. वेलिच्काची धाकटी बहीण, मिलेनची मावशी, आणि या हॉलमधल्या अर्ध्याअधिक लोकांची गणिताची बाई. निवृत्त होऊन तिला फार काळ झाला नव्हता. समोरची कितीतरी टाळकी तिने फळ्यापुढे उभी केलेली होती. पडद्यावर काय येणार हे तिला एकशे सदतीसनंतर त्र्याहत्तर ऐकलं तेव्हाच कळलं होतं.

घरी गेल्यावर तिने खात्रीसाठी वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने एकच गुणाकार केला. तो जसा यायला हवा तसाच आला. तिला सेराफिमचा राग आला, मग सगळ्या गावाचा आला. आणि मग तिने एक गोष्ट केली जी ती कोणालाही सांगणार नव्हती. टेबलाच्या खणातून कॅल्क्युलेटर काढला, मिलेनचं साल घातलं, गुणिले एकशे सदतीस, गुणिले त्र्याहत्तर. उत्तर माहीत होतं, कारण माहीत होतं, तरीही ते आठ आकडे उमटले तेव्हा तिने त्यांच्यावरून बोट फिरवलं. क्षणभर तिला खरंच वाटलं, पोरगं कुठेतरी आहे. मग ती तिथेच बसून खूप रडली.

दुसऱ्या दिवशी ती बहिणीकडे गेली. वेलिच्का खारवलेल्या कोबीच्या पानांत भात-खिमा भरत होती. टेबलावर दोन ताटं मांडलेली होती.

"ताई, ते कोणत्याही सालाला तसंच येतं," डोब्रा म्हणाली.

"येऊ दे की."

"मी दाखवते तुला. कागद दे."

"मला कागद दाखवू नकोस." वेलिच्काने पान घट्ट गुंडाळलं. "लहानपणापासून बघतेय, तुला सगळ्यांचं चुकलेलंच दिसतं. तो माणूस आला, तासभर बसला. मिलेनला काय आवडायचं विचारलं, कसा हसायचा विचारलं. तू आलीस ती कागद घेऊन."

डोब्राने इकडेतिकडे पाहिलं. खिडकीखालच्या स्टुलावर मिलेनचं अकॉर्डियन असायचं. ते तिथे नव्हतं.

"अकॉर्डियन कुठे आहे?"

"बंधूंना दिलं. हरवलेल्याची सगळ्यात आवडती वस्तू आधी वाटेला लावायची असते, म्हणजे तो तिच्यामागून परत येतो."

"आणि ती वस्तू कुठे जाते?"

"वाटेला."

"कोणत्या वाटेला, ताई? जुन्या बाजाराच्या?"

वेलिच्काने मान वर केली. "तू ना लग्न केलंस, ना तुला पोर झालं. तुला काय कळणार यातलं."

डोब्रा उठली. तिला हे लागलं, आणि वेलिच्कालाही कळलं की लागलं, पण त्या दिवसांत दोघींपैकी कोणालाच शब्द परत घ्यायची ताकद नव्हती.

सेराफिमच्या पद्धतीत तीन मनाया होत्या. एक, ज्याला 'जिवंत' सांगितलं आहे त्याच्यासाठी शोकपत्रक लावायचं नाही, देवळात मेणबत्ती लावायची नाही, श्राद्धाचा गहू शिजवायचा नाही. जिवंताचा शोक केला की तो बुडतो. दुसरी, सागराचा आकडा आणि आईचा आकडा एकमेकांशी कधीही गुणायचे नाहीत. सागराला आईशी भिडवणं महापाप. तिसरी, ज्यांना पुरलं आहे त्यांचं साल तर विचारायचंच नाही, त्यांची झोप मोडते. लोक हे सगळं पाळत होते, आणि रविवारी स्वतःचे कॅल्क्युलेटर घेऊन बंधूंबरोबर गुणायलाही बसत होते. लोकांना वाटत होतं, एवढे कडक नियम आहेत म्हणजे यात काहीतरी असलंच पाहिजे.

शिवाय त्याचं खरंही ठरायचं. बेकरीवाल्या गिन्काचा मुलगा परदेशात कामाला गेला होता, चार महिने त्याचा ना फोन ना पत्र. बंधूंनी पडदा भरवून दाखवला आणि आठवड्यात पोराचा स्पेनहून फोन आला. गिन्काने सगळ्या गावाला सांगितलं. त्या वर्षांत अशी पोरं गेलेली घरं गल्लोगल्ली होती, आणि गेलेली पोरं बहुतेक करून जिवंतच असतात, फक्त आळशी असतात. हे कोणी ध्यानात घेत नव्हतं.

मार्चमध्ये मोठ्या चपट्या माशांचा हंगाम सुरू झाला. एका बुधवारी म्हातारे पेन्कोकाका डोब्राच्या दारात आले. टोपी हातात होती.

"बाई, मी तुमच्या बहिणीकडे नाही गेलो. पाय वळले नाहीत."

"बसा ना, काका."

"नाही, बसत नाही." ते उंबऱ्यातच उभे राहिले. "माझ्या जाळ्यात माणूस आलाय. पोलिसांनी जिल्ह्याच्या रुग्णालयात नेलाय. चेहरा तर काही... पण कमरेला अकॉर्डियनचा चामडी पट्टा गुंडाळलेला होता. असला पट्टा कमरेला बांधणारा एकच येडा होता आपल्या गावात."

डोब्राने हो म्हटलं. अकॉर्डियनचा एक पट्टा तुटला होता, मिलेनने तोच कापून कमरेला लावला आणि म्हणायचा, मावशी, आता माझी विजारही सुरात राहते.

तिने जिल्ह्याला फोन केला. डॉक्टर तरुण होते आणि बोलायला बरे होते. डाव्या नडगीचं हाड लहानपणी मोडून जुळलेलं आहे, असं त्यांनी सांगितलं. मिलेन बारा वर्षांचा असताना अंजिराच्या झाडावरून पडला होता, आणि त्याला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात पळाली होती ती डोब्राच.

"मी सही केली तर चालेल का? मी मावशी आहे."

"आई हयात आहे ना? मग आईचीच लागेल," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या शुक्रवारपर्यंत ठेवता येईल. त्यानंतर आमच्या हातात नसतं. नगरपालिका टेकडीमागे पुरते. तिथे नाव नसतं, बाई. लाकडी फळीवर नुसता नंबर घालतात."

वेलिच्काने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पट्ट्याचं ऐकलं, नडगीचं ऐकलं. नंबराचं मात्र डोब्राला सांगवलं नाही.

"पाय पुष्कळांचे मोडतात," ती म्हणाली. "पट्टा त्याने कोणाला तरी दिला असेल. त्याला कोणाला काही द्यायचं म्हटलं की मागचापुढचा विचार सुचायचा नाही. हा कोणीतरी दुसरा आहे, बिचारा. त्याच्या आईला शोधा गं."

"ताई, आई तूच आहेस."

"माझा मिलेन जिवंत आहे. बंधूंनी सांगितलंय. मी सही केली तर मीच त्याला बुडवला असं होईल. तुला पाहिजे आहे का तसं?"

तिच्या डोळ्यांत खरोखरची भीती होती. तिथून परत येताना डोब्राला कळून चुकलं की आता हा गणिताचा प्रश्न राहिलेला नाही. पोराला पुढच्या शुक्रवारनंतर नंबराखाली पुरणार होते, आणि त्याच्या आईला वाटत होतं की नावाने पुरलं तर आपण त्याचा जीव घेऊ.

रविवारी डोब्रा पहिल्या रांगेत जाऊन बसली. वेलिच्का दोन खुर्च्या सोडून होती. बहिणीकडे तिने पाहिलं नाही. बंधूंनी प्रार्थना म्हटली, एका खलाशाची बायको वर येऊन गेली, एका ट्रकवाल्याचे वडील येऊन गेले, दोघांचेही पडदे भरले. मग डोब्रा पायऱ्या चढून वर गेली. हॉलमध्ये कुजबूज झाली. गणिताची बाई शरण आली, असंच सगळ्यांना वाटलं.

"या भगिनी," बंधू म्हणाले. आवाजात मध होता, डोळ्यांत नव्हता. "तुम्हीसुद्धा?"

"माझंही एक माणूस आहे. फार दिवस काही खबर नाही."

"सागराने नेलं?"

"समुद्रावरच होता आयुष्यभर."

"साल?"

"एकोणीसशे एकतीस."

गुणाकार झाले. १९३११९३१. बंधूंनी पडदा कंदिलापुढे धरला, डोळे मिटले, आणि सुरू झाले. "जिवंत आहे. मला दिसतोय. केस पांढरे झालेत. उबदार देश आहे, बंदर आहे, लिंबाची झाडं आहेत. तो रोज संध्याकाळी उत्तरेकडे तोंड करून बसतो. त्याला घरची आठवण येते, पण लाज वाटते. तो येईल. त्याचं नाव काय, भगिनी?"

"कोस्ता," डोब्रा म्हणाली. "वेलिच्काचा नवरा. माझे मेहुणे."

कोस्ताला त्या हॉलमधल्या निम्म्या पुरुषांनी खांदा दिला होता, उरलेल्यांनी त्याच्या नावाने राकिया, आपली घरची दारू, प्यायली होती. सहा वर्षं तो देवळामागच्या सरूच्या झाडाखाली पडून होता. उत्तरेकडे तोंड करून की कसं, ते ठाऊक नाही.

"बरं झालं, कळलं तरी," मागून कोणीतरी म्हणालं. "आम्हाला वाटत होतं आम्ही त्याला पुरलाय." थोडं हसू पिकलं. डोब्राने बहिणीकडे बघायचं टाळलं. हे करताना तिला स्वतःची शरम वाटत होती.

सेराफिम मात्र कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "मेलेल्याचं साल विचारून या बाईने त्याची झोप मोडली," तो शांतपणे म्हणाला. "आकडा आत्म्याचा असतो. आत्मा कधी मरतो का? तो जिवंतच निघणार."

काही माना हलल्या. पटलंही असतं लोकांना.

"मग मिलेनचाही आत्माच जिवंत निघाला असेल," डोब्रा म्हणाली. "देहाचं तुम्हाला काहीच कळलेलं नाही. मग त्याच्या आईला सही का करू देत नाही? शुक्रवारनंतर त्याला नावाने नाही, नुसत्या नंबराखाली पुरणार आहेत. गहू का शिजवू देत नाही? आत्मा गव्हाने बुडतो का?"

डोब्रा हॉलकडे वळली. "कॅल्क्युलेटर आणलेत ना सगळ्यांनी? काढा. शाळेत तोंडी करायला सांगायचे तेव्हा रडायचात. आता निदान बटणं तरी दाबा. एकशे सदतीस गुणिले त्र्याहत्तर."

"नको," बंधू एकदम म्हणाले. "सागर आणि आई..."

"महापाप, ठाऊक आहे. ते माझ्या डोक्यावर. करा."

कोणी पुढे होईना. लोक एकमेकांकडे बघत राहिले. मग पहिल्या रांगेत एका बटणाचा टक् आवाज आला, मग दुसऱ्या. वेलिच्का मांडीवर कॅल्क्युलेटर ठेवून दाबत होती. मिलेनने एका परदेशी बंदरातून तिच्यासाठी आणलेला होता तो.

"काय आलं, ताई?" डोब्राने विचारलं.

"दहा हजार एक."

"दहा हजार एक," डोब्रा सगळ्यांना म्हणाली. "ही एवढीच जादू. हा माणूस तुमच्या मुलाच्या सालाला दहा हजार एकने गुणतो. एकदम गुणलं तर तिसरीतलं पोरही हसेल, म्हणून त्याने त्या आकड्याचे दोन तुकडे केले. एकाला म्हणाला सागर, एकाला म्हणाला आई. आणि तुम्ही ते पुन्हा जोडू नयेत म्हणून पापाची भीती घातली. आता बघा. एकोणीसशे अडुसष्टला दहा हजाराने गुणलं की पुढे चार शून्यं लागतात, म्हणजे चार रिकाम्या खुर्च्या. एकने गुणलं की तेच साल जसंच्या तसं. दोन्हींची बेरीज केली की ते साल त्या चार खुर्च्यांवर जाऊन बसतं. कोणताही चार आकडी नंबर घाला, दोनदा येणारच. मेलेल्याचा घाला, जिवंताचा घाला, या टेबलाचा घाला."

गिन्का बेकरीवाली उभी राहिली. तिचा चेहरा पडला होता, पण ती प्रामाणिक बाई होती. "माझा फोन नंबर घालते. चोवीस सतरा." तिने गुणलं, पडद्याकडे बघत राहिली. "चोवीस सतरा चोवीस सतरा. बाई, माझा फोनसुद्धा जिवंत आहे. दोन आठवडे बंद पडलाय, तरी."

आता सगळे दाबायला लागले. घरनंबर, गाडीनंबर, सासूचं जन्मसाल. जिकडेतिकडे पडदे भरत होते.

"आकडे खोटं बोलत नाहीत, असं तुम्ही म्हणता, आणि ते खरं आहे," डोब्रा म्हणाली. "पण जे आपण विचारलंच नाही त्याचं उत्तर तेही देऊ शकत नाहीत. या यंत्राला तुमचा मुलगा ठाऊक नाही. तुम्ही त्याला साल दिलंत, त्याने साल परत दिलं, बाकी सगळं या माणसाने वरून ओतलं. मी तुम्हाला देवावर विश्वास ठेवू नका म्हणत नाही. एवढंच म्हणते, की कोणी चमत्कार दाखवला तर तोच चमत्कार आधी दगडावर करून बघा. दगडावरही झाला तर तो तुमच्या मुलाबद्दल काही सांगत नाही. आणि जो माणूस म्हणेल की हे करून बघू नका, पाप आहे, त्याला तिथल्या तिथे विचारा, का?"

बंधू सेराफिम या गडबडीत रंगमंचाच्या पडद्यामागून निघून गेले होते. पेन्कोकाका चार जणांना घेऊन त्यांच्या खोलीवर गेले. खोलीत जागोजागच्या आयांनी 'वाटेला लावलेल्या' वस्तू होत्या. घड्याळं होती, चामडी जाकिटं होती, आणि पलंगाखाली, एका पट्ट्याचं, मिलेनचं अकॉर्डियन होतं.

हॉलमध्ये मात्र लोक हळूहळू हसायचे थांबले, कारण वेलिच्का उभी राहिली होती.

"डोब्रे," ती म्हणाली, "कोस्ताचं साल मी पहिल्याच दिवशी घातलं होतं."

"घरी गेले आणि घातलं. तोही जिवंत निघाला. मग आपल्या आईचं घातलं. तीही निघाली. अठराशे नव्याण्णवची आपली आई." वेलिच्का कॅल्क्युलेटर पुसत होती, उगीचच. "मला गुणाकार येतो गं. तूच एकटी शाळेत गेली नव्हतीस. मला कळलं होतं. पण मी म्हटलं, कळलं तर कळलं. आणखी थोडे दिवस दोन ताटं मांडीन. कोणाचं काय जातंय? तो माणूस दर आठवड्याला येऊन मिलेनबद्दल विचारायचा. तुम्ही सगळे रस्त्यात मला बघून पलीकडच्या बाजूने जायचात. गिन्का, तूसुद्धा. काय बोलावं कळत नाही म्हणून, मला ठाऊक आहे. पण जायचात."

कोणीही मान वर केली नाही.

"फक्त मला हे ठाऊक नव्हतं की तो तिकडे नंबराखाली जाईल," ती म्हणाली आणि तिने कॅल्क्युलेटर खिशात टाकला. "नंबर मी सहन करू शकत नाही आता. चल, मला घेऊन चल."

डोब्रा पायऱ्यांवरून कशी उतरली तिलाच कळलं नाही. तिने बहिणीला धरलं, आणि दोघी तिथेच, सगळ्यांसमोर, पोरींसारख्या रडल्या. इतकी वर्षं डोब्राने मुलांना शिकवलं होतं की माणूस फसतो तो हिशेब येत नाही म्हणून. ते अर्धंच खरं होतं. हिशेब येणारी माणसंही फसतात, जेव्हा खरं उत्तर घेऊन एकटीने घरी जायचं असतं. म्हणून ज्याला भोंदूपासून लोकांना सोडवायचं आहे त्याने हिशेब तर मांडावाच, कठोरपणे मांडावा, चुलीपाशी मांडावा, चव्हाट्यावर मांडावा. पण दुःख झालेल्या घरी त्याने भोंदूच्या आधी जाऊन बसायलाही हवं. ते आपण केलं नाही तर ती खुर्ची रिकामी राहत नाही.

मंगळवारी वेलिच्काने जिल्ह्याला जाऊन सही केली. चामडी पट्टा तिने हातात घेतला आणि परत दिला, त्याच्याबरोबरच राहू दे म्हणाली. येताना दोघी छापखान्यात थांबल्या. छापखान्यातल्या माणसाने फोटो घेतला, नाव लिहून घेतलं, पहिलं साल लिहून घेतलं, आणि पेन्सिल तशीच धरून थांबला. दुसरं साल विचारायला त्याची जीभ रेटेना.

"शहाण्णव," वेलिच्काने स्वतःहून सांगितलं. "एकोणीसशे शहाण्णव."

घरी आल्यावर तिने शोकपत्रक स्वतःच्या हाताने दारावर चिकटवलं. कोपरे दाबून बसवले, सुरकुती राहू दिली नाही. आत चुलीवर गहू शिजत होता. गिन्का आली होती, अक्रोड कुटत बसली होती, आणि एकही शब्द बोलत नव्हती, ते बरंच होतं. दारापुढे उभ्या वेलिच्काने खिशातून कॅल्क्युलेटर काढून बहिणीला दिला.

"गुणाकार नको आता," ती म्हणाली. "या दोन सालांची वजाबाकी कर."

डोब्राला वजाबाकीसाठी यंत्र लागत नव्हतं. पण बहिणीने मागितलं म्हणून तिने बटणं दाबली आणि पडदा तिच्यापुढे धरला. पडद्याच्या एका कोपऱ्यात दोन आकडे होते, बाकी सगळा पडदा रिकामा होता.

"अठ्ठावीस," वेलिच्काने वाचलं. "एवढंच?"

"एवढंच, ताई."

वेलिच्काने मान हलवली, आत गेली, आणि टेबलावरचं एक ताट उचलून ठेवलं.